मदत हवी आहे: विक्काच्या पुस्तकातल्या दिशा आणि गटातल्या दिशा जुळत नाहीत

रानजाई:
स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने विक्का (इंग्लंडमधून आलेला आधुनिक निसर्गपूजक धर्म) करणाऱ्यांसाठीचं पुस्तक घेऊन विधीचं वर्तुळ आखायला शिकतेय. त्यात उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, आणि फिरायचं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. ज्या गटात जाते तिथे अग्नीला उत्तरेला बोलावतात आणि उलटे फिरतात. 31 ऑक्टोबरला उत्तरेची हाक माझ्याकडे दिलीये. पुस्तकातल्या ओळी तिथे बसत नाहीत, गटाकडे लिहून ठेवलेलं काही नाही. त्या तारखेला पुस्तकात जो विधी दिलाय तोही भलताच. बरोबर पुस्तक कुठलं ते सांगा. दिवस फार थोडे उरलेत. हे सगळं का करता, हा प्रश्न कृपया नको.

घाटवाट:
कनिंगहॅम बाजूला ठेवा आणि रेमंड बकलंड घ्या. 1986 चं मोठं निळं पुस्तक, पंधरा धडे, प्रत्येक धड्याशेवटी प्रश्न. ज्याने विक्का लोकांसमोर आणला त्या जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत स्वतः दीक्षा घेतलेला माणूस होता तो, 1960 च्या दशकात ती परंपरा अमेरिकेत त्यानेच नेली. मी त्यावरूनच शिकलो. वेदी कशी मांडायची इथपासून सगळं आहे.

शमी:
घाटवाट, त्यांनी वेदीबद्दल विचारलेलंच नाही. रानजाई, आधी गट कुठला ते सांगा. गार्डनेरियन असेल तर छापील पुस्तक घेऊन काही होणार नाही. तिथे विधी दीक्षेनंतर हाताने उतरवून घेतात, त्यांचं स्वतःचं 'बुक ऑफ शॅडोज' असतं. आणि 31 ऑक्टोबरला साविन, म्हणजे मृतांच्या आठवणीचा सण, नाही तर दुसरं काय करताय?

रानजाई:
गार्डनेरियन नाही, मोकळा गट आहे, दीक्षा वगैरे नाही. साविन नाही हो, बेल्टेन, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा सण.

कंदील:
बेल्टेन ऑक्टोबरात? ते एप्रिलच्या शेवटी असतं. ताई, हा गट मला ठीक वाटत नाही. पैसे मागतात का? एकटं बोलावतात का? महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार करता येते. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस नेमलेले असतात. घाबरू नका.

शमी:
कंदील, तो कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि त्यांच्या नावाखाली होणारी लुबाडणूक यांच्यासाठी आहे. मेणबत्त्या लावून ऋतूचा सण करणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? रानजाई, तुम्ही राहता कुठे?

रानजाई:
मेलबर्न. प्रोफाइलमध्ये आहे. पैसे कुणी मागत नाही, ऑफिसातली मैत्रीणच घेऊन गेली.

निशिगंध:
मग सगळं जुळतंय! मी ऑकलंडला आहे, आम्हीही असंच करतो. दुपारी बाहेर जाऊन सूर्य बघा. आपल्याकडे तो पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जातो, म्हणजे सूर्याबरोबर फिरायचं तर घड्याळाच्या उलट. ऊन उत्तरेचं म्हणून अग्नी उत्तरेला, पृथ्वी दक्षिणेला. सणही सहा महिन्यांनी सरकतात: साविन एप्रिलअखेर, यूल (हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाचा सण) जूनमध्ये, बेल्टेन आत्ता. कनिंगहॅम सॅन डिएगोचा, त्याने तिथलं लिहिलं. तरी त्याच पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, तिथे 'डिओसिल' (सूर्याबरोबर फिरणं) काढून बघा. विषुववृत्ताखालचे काही गट उलटे फिरतात हे त्यानेच नोंदवलंय. नवीन पुस्तक घेऊ नका. त्याची दक्षिणेची हाक उचला आणि उत्तरेला म्हणा. विधी एप्रिलच्या पानावरचा घ्या.

घाटवाट:
पटलं नाही. दिशा म्हणजे दिशा, देश बदलला म्हणून अग्नी जागा सोडत नाही. मेलबर्नचे मराठी लोक भर उन्हाळ्यात, जानेवारीतच तिळगूळ वाटतात ना? संक्रांत कुणी जुलैत नेलेली ऐकली नाही.

निशिगंध:
संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते, तो क्षण सगळ्या जगाला एकच. बेल्टेन जमिनीवरच्या ऋतूचा सण आहे. झाडं फुलत असताना मृतांचं साविन करायचं का? आणि हे काही हजारो वर्षं गोठलेलं शास्त्र नाही. इंग्लंडमधला 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये गेला, गार्डनरचं पुस्तक 1954 मध्ये आलं, आठ सणांचं चक्र त्याच दशकात जुळलं. इतिहासकार रोनाल्ड हटनने 1999 मध्ये हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडलाय. त्यांनी आपल्या जमिनीला धरून रचलं, आपण आपल्या जमिनीला धरून करायचं.

घाटवाट:
हटन वाचलाय मी. तेवढ्यासाठी परंपरा मोडायची गरज नाही. जमिनीचाच सण करायचा तर आपलं नवरात्र काय कमी आहे? घटाखालच्या मातीत धान्य पेरतोच की आपण.

शमी:
नवरात्रासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. रानजाई, उसन्या ओळींपेक्षा स्वतः लिहा. डोरीन व्हॅलिएंटेने गार्डनरच्या गटात येऊन विधीतला बराच मजकूर नव्याने लिहिला, आज जगभर तोच म्हणतात. लिहिणं या परंपरेत बसतं.

कंदील:
गट ठीक आहे हे कळलं, बरं वाटलं. पण बेल्टेनला आग पेटवून तिच्यावरून उड्या मारतात असं वाचलंय. बागेत करणार असाल तर त्या दिवशी आगबंदी आहे का ते नक्की बघा. आणि विधीत वापरतात ती काळ्या मुठीची सुरी नेऊ नका, व्हिक्टोरियात सबळ कारणाशिवाय सुरी जवळ बाळगणं गुन्हा आहे. लाकडी कांडी चालते.

रानजाई:
निशिगंध, शब्दसूची बघितली, आहे तिथे! खूप आभार. कंदील, मैत्रिणीच्या परसात करतोय, लोखंडी कढईत एकच मेणबत्ती. शमी, रात्री बसून लिहिलं, सांगा कसं वाटतं:
"उत्तरेच्या अग्नी, दुपारच्या उन्हातून ये,
वाळवंटावरून येणाऱ्या गरम वाऱ्यातून ये,
जाळू नकोस, ऊब दे,
वर्तुळाची ही बाजू राख."
पण गटात सगळे इंग्रजी बोलणारे. मराठीत म्हटलं तर चालेल?

निशिगंध:
उत्तरेचा वारा आणलात, फार छान! आमच्याकडे एक मुलगी सामोअन भाषेत बोलावते. आधी मराठीत म्हणा, मग एका वाक्यात अर्थ सांगा.

शमी:
चालेल, फक्त तिसऱ्या ओळीवर घाई करू नका. आणि क्रम विचारून ठेवा. सुरुवात पूर्वेपासून असेल तर तुमच्याकडे पूर्व, उत्तर, पश्चिम, दक्षिण असं होईल, म्हणजे तुमची हाक शेवटची नाही, दुसरीच. पाठ करूनच जा.