परदेशातून मागवलेली काचेची, नाजूक वस्तू फुटून आली तर? खान्देशातल्या जाणकारांनी लिहावं

बाहेरून येणारं पार्सल आपल्याकडे एका दमात पोचत नाही. मुंबईला विमानातून उतरतं, कस्टम होतं, मग नाशिकवरून रस्त्याने किंवा भुसावळच्या बाजूने रेल्वेने येतं, आणि वाटेत जागोजागी चढ-उतार. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, कॅमेऱ्याच्या लेन्सा, दुर्बिणी, प्रयोगशाळेची काच, ग्रामोफोनच्या तबकड्या असं सामान आपल्या भागातले बरेच जण मागवतात. पैसे परत मिळणार की नाही हे पहिल्या तासाभरातच ठरतं, म्हणून या धाग्यावर नेमकं लिहा. कुणाची फसवणूक झाली याच्या कहाण्या नकोत. काय तपासायचं, कुठला कागद, किती दिवसांत, एवढं आलं की पुरे.

भुसावळहून, पार्सलच्या कामातला

खोका हाच पुरावा, तो फेकू नका. दावा निकाली निघेपर्यंत बाहेरचा खोका, आतला खोका, बबल रॅप, फुटलेले तुकडे, सगळं एका पोत्यात बांधून ठेवा. कुरियर कंपनी तपासणीला माणूस पाठवते तेव्हा तो वस्तूच्या आधी पॅकिंग बघतो. ते नसलं तर 'पॅकिंग अपुरं होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही' म्हणून अर्ज बाजूला पडतो.

व्हिडिओ खोका बंद असतानाच सुरू करा. आधी पत्त्याची चिठ्ठी आणि एअरवे बिल किंवा ट्रॅकिंग नंबर वाचता येईल इतक्या जवळून, मग सहाही बाजू, कोपरे, टेपची जोडणी. त्यानंतर न थांबवता उघडायचं. मध्ये कट आला की व्हिडिओची किंमत निम्मी होते. कोपरा दबलेला असेल तर डिलिव्हरीच्या सहीशेजारी 'खोका दबलेला, आतून आवाज' असं लिहूनच सही करा. मोबाइलवर बोटाने सही घेत असतील तर त्याच क्षणी डिलिव्हरीच्या पोराच्या हातातल्या खोक्याचा फोटो काढा, वेळ आपोआप नोंदली जाते.

हवाई मालासाठी आपल्याकडे मॉन्ट्रियल कराराचे नियम लागतात. नुकसानीची लेखी तक्रार माल हातात आल्यापासून १४ दिवसांत गेली पाहिजे. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत, ईमेल करा. कुरियरच्या स्वतःच्या अटींमध्ये मुदत याहून कमी असू शकते, ती बिलाच्या मागे बारीक अक्षरात असते.

जळगावहून, पोस्ट आणि कस्टमच्या कागदांबद्दल

पोस्टाने आलेलं पार्सल फाटलेलं दिसलं तर घरी घेऊ नका. पोस्टात जाऊन 'ओपन डिलिव्हरी' मागा. पोस्टमास्तरसमोर उघडतात, वजन करतात, नोंद होते. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरपाईचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा. खराब झालेलं पार्सल पोचल्यावर तो घेणाऱ्याकडे येऊ शकतो, पण ही नोंद असेल तरच पुढे काही हलतं. चौकशीची मुदत पोस्टात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने. विक्रेत्याला त्याच्या देशातल्या पोस्टात अर्ज करायला लावा, आपल्या टोकाहून काम रेंगाळतं.

आता सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट. कस्टम ड्युटी वाचावी म्हणून विक्रेता सीएन २३ फॉर्मवर (पोस्टाच्या पार्सलवरचा कस्टमचा जाहीरनामा) दोनशे डॉलरच्या वस्तूची किंमत वीस डॉलर टाकतो, आणि घेणाऱ्याला ते बरं वाटतं. वस्तू फुटली की भरपाई त्या वीस डॉलरपलीकडे जात नाही. शिवाय खोटी किंमत हा कस्टमच्या लेखी गुन्हाच. खरी किंमत लिहायला सांगा, आणि विमा त्याच किमतीचा घ्या.

भरलेल्या ड्युटीबद्दल दोन कलमं माहीत असू द्या. कस्टम्स कायदा १९६२, कलम २२: तपासणीआधीच माल खराब झाला हे दाखवता आलं तर ड्युटी त्या प्रमाणात कमी होते. कलम २६अ: माल सदोष निघाला, वापरला नाही, आणि सोडवल्यापासून ३० दिवसांत परत पाठवला किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट केला, तर ड्युटी परत मागता येते. ड्युटी हजार-दोन हजारांची असेल तर या फंदात पडू नये, पळापळीतच तेवढे जातात. पन्नास हजारांचं उपकरण असेल तर मात्र कस्टम एजंटाला विचाराच.

धुळ्याहून, व्हॉल्व्ह रेडिओ आणि अॅम्प्लिफायरवाला

व्हॉल्व्ह फुटलाय की नाही हे काच बघून नेहमी कळत नाही. डोक्याकडे किंवा बाजूला आतून चंदेरी, आरशासारखा डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो चंदेरी, काळपट किंवा तपकिरी असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला, कुठेतरी केसाएवढी चीर आहे. बहुतेक वेळा ती पिनांच्या मुळाशी सापडते. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हची एक पिन जरी वाकली आणि तशीच सॉकेटमध्ये दाबली तरी काच तिथेच तडकते. म्हणून पिना आधी बघायच्या, त्यांचाही फोटो काढायचा, आणि वाकडी पिन सरळ करायच्या आधी विक्रेत्याला कळवायचं. सरळ करताना तडकली तर दोष तुमच्या माथी.

मग मल्टिमीटर. हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) दोन पिनांत जोड दिसली पाहिजे: ईएल८४ जातीच्या व्हॉल्व्हमध्ये ४ आणि ५, ईएल३४ मध्ये २ आणि ७. १२एएक्स७ मध्ये दोन हीटर असतात, ४ ते ९ आणि ५ ते ९ वेगवेगळे मोजा, नाहीतर कुठला अर्धा तुटला ते कळणार नाही. थंड हीटरचा रोध तापलेल्यापेक्षा बराच कमी येतो, आकडा लहान दिसला म्हणून शॉर्ट समजू नका. गेटर पांढरा पडलेला व्हॉल्व्ह 'एकदा लावून बघू' म्हणून सेटला लावू नये.

चाळीसगावहून, जुन्या लेन्सा आणि दुर्बिणी

छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावात जुन्या कॅमेऱ्यांची आवड असणारच. लेन्स आली की पुढची फिल्टरची रिंग बघा. तिथे चपटा दाब असेल तर लेन्स त्या तोंडावर पडली आहे. विक्रेत्याच्या फोटोत रिंग गोल आणि तुमच्याकडे चपटी, याहून चांगला पुरावा नाही, म्हणून जाहिरातीतले फोटो मागवायच्या दिवशीच उतरवून ठेवा, नंतर पान गायब होतं.

मागून टॉर्च तिरपा मारून आत बघा. कडेला इंद्रधनुषी चट्टा म्हणजे दोन काचांमधला जुना चिकट थर सुटलाय. सहसा ते वयाने होतं, त्याला 'वाटेत फुटली' म्हणालात तर तुमचा खरा दावाही पडेल. तिथे 'वर्णनाशी जुळत नाही' असं लिहा.

द्विनेत्री दुर्बिणीत काच शाबूत, पण आतला प्रिझम सरकलेला, हे फार होतं. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर बघा, मग डोळे आयपीसपासून हळूहळू वीतभर मागे न्या. दोन चित्रं खाली-वर सरकली तर प्रिझम हललाय. एकही स्क्रू खोलायच्या आधी फोटो आणि तक्रार. न्यूटोनियन टेलिस्कोपची गोष्ट वेगळी: मागच्या स्क्रूंनी आरसा पुन्हा नीट बसवायचा असतो, प्रवासाने तो हलणारच, ते नुकसान नव्हे.

सावद्याहून, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यापार

'फ्रॅजाइल'च्या स्टिकरवर विसंबू नका, पार्सल छाननीच्या पट्ट्यावरचं यंत्र ते वाचत नाही. खोका पडणार असंच धरून पॅकिंग मागा. पॅकिंग तपासायच्या इस्टा १ए चाचणीत हलका खोका साधारण ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सपाट बाजूंवर. विक्रेत्याला एवढंच लिहा: खोक्यात खोका, दोन्हींच्या मध्ये सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण, आणि बंद करून हलवल्यावर आत काही सरकता कामा नये. आतला खोका वेगळा उघडता येईल असा आणि वर वस्तूचं नाव लिहिलेला हवा. कस्टममध्ये उघडलं तर बाहेरची भरण पुन्हा तशीच बसेल याचा भरवसा नसतो.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात बंद गाडीत टेपचा गोंद सुटतो, खोक्याचं बूड उघडतं. तबकड्या वाकतात, लेन्सच्या फिरत्या भागातलं ग्रीस वितळून आतल्या अॅपर्चरच्या पात्यांवर येतं. घाई नसेल तर मागवणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पोचेल अशी ठेवा.

परत पाठवायला केळीच्या निर्यातीचे जाड खोके उत्तम, पण आत केळीची पानं, गवत किंवा भुसा भरू नका. बऱ्याच देशांत वनस्पतीजन्य भरण अडवतात.

शिरपूरहून, प्रयोगशाळेचं साहित्य

फ्लास्क काळ्या कापडासमोर धरून ट्यूबलाइटखाली फिरवा. ताऱ्यासारखी चीर दिसली, मग ती नखाएवढी का असेना, त्या फ्लास्कवर व्हॅक्यूम लावायचा नाही, तो आत कोसळतो. एकमेकांत बसणारे घासलेल्या काचेचे जोड एकमेकांत घालून पाठवू नका म्हणून आधीच सांगा. सांगूनही तसेच घातले तर मध्ये कागदाची पट्टी तरी हवी.

नंदुरबारहून

पैशांचा सगळ्यात जवळचा रस्ता कार्ड. आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि वस्तू परत करायची तयारी दाखवा, बँक हेच पहिलं विचारते. मग चार्जबॅक (बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागणं), कारण 'सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल'. व्हिसामध्ये मुदत साधारण १२० दिवस, पण बँकेचा फॉर्म लवकर भरा. विक्रेता 'परत पाठवा' म्हणाला तर 'भाडं भरलेलं लेबल पाठवा' म्हणायचं, कारण आपल्याकडून परतीचं भाडं अनेकदा वस्तूपेक्षा जास्त.

संकेतस्थळ भारतातल्या गिऱ्हाइकांना नियमित विकत असेल तर २०२०चे ई-कॉमर्स नियम परदेशी कंपनीलाही लागतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. एकटादुकटा परदेशी विक्रेता असेल तर निकाल लागूनही वसुली होत नाही, तिथे कार्डच धरा.

पाचोऱ्याहून

भुसावळच्या भाऊंच्या यादीत एक राहिलं: वजन. उघडायच्या आधी खोका वजनकाट्यावर ठेवून फोटो घ्या. चिठ्ठीवरच्या वजनापेक्षा कमी भरला तर फुटण्यासोबत चोरीही झालेली असू शकते, आणि त्या तक्रारीचं कारण वेगळं लिहावं लागतं.