फ्रेड रॉजर्सची कारकीर्द: आधी पदवी की आधी काम?

फ्लोअरवाला: सहा वर्षं एका वाहिनीत फ्लोअरवर आहे. कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून हातवारे करणारा तो मीच. मनात मात्र लहान मुलांचा कार्यक्रम करायचं आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी बालमानसशास्त्र शिकून ये. एकाने तर अमेरिकेत टीव्हीवर लहान मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्सचाच दाखला दिला. त्याचं नक्की कसं जमलं? माझं वय चौतीस, म्हणून घाई.

हातमोजा: वयाने मोठी आहे, अरे-तुरे करते. पंचवीस वर्षं हातात बाहुल्या घालून सेटच्या मागे बसले आहे, त्यामुळे या माणसाबद्दल जरा पक्षपाती आहे.

तो तुझ्याच जागेवरून निघाला. 1951 साली संगीताची पदवी घेऊन न्यूयॉर्कला एनबीसी या वाहिनीत लागला आणि गाण्याच्या कार्यक्रमांचा फ्लोअर सांभाळू लागला. 1953 मध्ये ते सोडून पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या शैक्षणिक केंद्रात गेला. केंद्राचं प्रक्षेपणही तेव्हा सुरू झालं नव्हतं! पुढच्या वर्षी ‘द चिल्ड्रन्स कॉर्नर’ हा मुलांचा कार्यक्रम आला. समोर निवेदिका जोसी कॅरी, आणि हा मागे. बाहुल्या याच्या, त्यांचे आवाज याचे, ऑर्गनही हाच वाजवणार. सगळं थेट. बाहुल्यांकडून ऑर्गनकडे पळताना बूट वाजायचे, म्हणून कॅनव्हासचे घातले. पुढे जगाला ओळखीचे झालेले ते बूट हेच. (माझ्या पहिल्या चित्रीकरणात ससा बोलत होता आणि माइकवर माझ्या बांगड्या. त्या दिवसापासून कामाला मोकळ्या हातांनी जाते.)

शिक्षण त्याने नोकरी करता करता घेतलं. जेवणाच्या सुट्टीत धर्मशास्त्राचे वर्ग केले आणि 1963 मध्ये प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा पाद्री झाला. बालविकासासाठी त्याने बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांना गाठलं. संहिता घेऊन त्यांच्याकडे जायचं, मुलांबद्दल बोलत बसायचं, हे त्या 1988 मध्ये वारल्या तोपर्यंत चाललं. विचारायला असा एक माणूस शोध. पदवीचं मग बघता येईल.

आणि वय. त्याला कॅमेऱ्यासमोर आणलं टोरोंटोच्या सीबीसी या कॅनडाच्या वाहिनीने, तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता. त्याचा स्वतःचा कार्यक्रम ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ अमेरिकाभर दिसू लागला 19 फेब्रुवारी 1968 ला. महिन्याभरात त्याला चाळीस पूर्ण झाली.

कडूजिरं: हातमोजाताई, एक राहिलं. घर श्रीमंत होतं त्याचं. चालती नोकरी सोडणं अशा माणसाला सोपं जातं. फ्लोअरवाले, तुमचे हप्ते असतील तर राजीनामा खिशातच ठेवा.

हातमोजा: खरं आहे, मी ते गाळलं. पण पैशाने वाक्य लिहिता येत नाही. त्याच्या एका भागात नर्स रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवते. संवादात जो इंग्रजी शब्दप्रयोग होता, त्याचा दुसरा अर्थ ‘स्फोटाने उडवून देणे’. मूल काय ऐकेल? म्हणून ‘यात थोडी हवा भरते’ असं करून आवाज पुन्हा भरला. एका अंध मुलीला काळजी असायची, मासे उपाशी तर नाहीत? तिच्यासाठी तो माशांना खायला घालताना ‘मी माशांना खाणं देतोय’ असं तोंडाने म्हणू लागला. फ्लोअरवर आपण दिवसभर चौकटीत काय दिसतंय ते बघतो. ज्याला चौकटच दिसत नाही, त्याचा विचार मी तरी ही गोष्ट वाचेपर्यंत केला नव्हता.

फ्लोअरवाला: ताई, राजीनामा देत नाही. एक पान लिहून ठेवलंय. अस्वल दात काढायला जातं, डॉक्टर म्हणतात, “घाबरू नकोस, अजिबात दुखणार नाही.”

हातमोजा: आणि दुखलं तर? ज्या मुलाचा दात परवाच काढलाय ते तिथेच टीव्ही बंद करेल. ते वाक्य खोड. अस्वलाला विचारू दे, “किती दुखेल?” डॉक्टर काय उत्तर देतात ते लिहून इथेच टाक. एखाद्या दातांच्या डॉक्टरला आधी दाखव मात्र.