मदत हवी आहे: भाल्याने मासेमारी, पण डावा कान ऐकेना

मंडळी, पुढच्या महिन्यात मेहुण्यासोबत इंडोनेशियातल्या एका बेटावर जातोय. एका दमात बुडी मारून भाल्याने मासा मारायचा. आपण सोलापूरकर, उजनीची चिलापी फक्त तव्यावर पाहिलेली! इथल्या पोहण्याच्या तलावात ३ मीटरवर गेलो की डावा कान ठणकतो. कानातला दाब सारखा करायला नाक दाबून फुंकलं की उजवा 'टक' करतो, डावा ढिम्म. १० मीटरवर तर दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट. दुखायच्या आधीपासूनच फुंकत जायचं का?

दुसरं, मोठ्या बॅराकुडा माशात सिग्वाटेराचं विष असू शकतं, ते शिजवूनही जात नाही. मग नवख्याने कोणते मासे धरावेत? मेहुणा म्हणतो, दोघं एकदमच बुडू. मला पटत नाही. एकाने वर थांबून लक्ष ठेवायला नको का? जाऊन आलेल्यांनी सांगा. शेंगाचटणी बांधून तयार आहे.