मुलगा घाटात चांगला चढतो, कोच म्हणतात ट्रॅकवर आणा. काय करावं?

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्स. सायकलवर सिंहगडाच्या चढावर मोठ्या पोरांना मागे टाकतो, वजन जेमतेम त्रेपन्न किलो. जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस बघितल्यापासून "मला प्रोफेशनल व्हायचंय" हा एकच घोशा लावलाय. आता कोच म्हणतात, रोड सोडा, बालेवाडीला सायकलच्या गोल ट्रॅकवर आणा, मेडल तिथे आहे. ह्यांना वाटतं मेडल आलं की नोकरी लागेल, सासूबाई म्हणतात आधी बारावी होऊ दे. ट्रॅकवर गेला तर रोडचं कायमचं संपतं का? आणि यातून पोट भरतं का हो?

जुना_पेडलवाला
ताई, पोटाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. मी रोडही मारला, ट्रॅकही मारला. मुंबई-पुणे रेसला खंडाळ्याच्या घाटात "घाटाचा राजा" दुसराच कुणीतरी व्हायचा आणि आम्ही त्याच्या मागच्या चाकाकडे बघत चढायचो. पण घर चाललं ते रेल्वेच्या पगारावर, स्पोर्ट्स कोट्यातून. आपल्याकडे सायकलपटू सहसा असाच जगतो: रेल्वे, सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलं, नाहीतर राज्य सरकारचं पाच टक्के खेळाडू आरक्षण. तुमच्या चिरंजीवांच्या डोक्यात जे प्रोफेशनल आहे, म्हणजे टीमचा करार, वर्षभर रेसिंग, ते युरोपात असतं आणि जवळजवळ सगळं रोडवर असतं. ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटर, पुण्यात असं काही होईल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण ती २.२ वर्गाची रेस, आंतरराष्ट्रीय स्टेज रेसमधली पहिली पायरी. टूर द फ्रान्स तिथून बरीच वर आहे.

आता ट्रॅकचं. "ट्रॅकवर आणा" हे वाक्यच अर्धवट आहे. कुठल्या इव्हेंटला, ते विचारा. स्प्रिंट, किरिन, टीम स्प्रिंट हा एक प्रकार: मिनिटभराच्या आत जीव ओतायचा, जिममध्ये स्क्वॉट मारायचे, मांड्या पहिलवानाच्या. पर्सूट (ठरलेलं अंतर घड्याळाशी झुंजत), ऑम्नियम (एकात अनेक रेस), मॅडिसन (जोडीने लांब रेस) हा दुसरा: तिथे दम लागतो, आणि तो रोडवरच कमावतात. पहिल्या वाटेने गेलेला पोरगा सहसा घाटात परत येत नाही. दुसरीकडचे येतात. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सने २००४ आणि २००८ ला ऑलिंपिकमध्ये पर्सूटचं सोनं घेतलं आणि २०१२ ला टूर द फ्रान्स जिंकली. गेरेंट थॉमस २००८ आणि २०१२ ला टीम पर्सूटमध्ये, २०१८ ला टूर. म्हणजे ट्रॅकने रोड संपत नाही.

आपल्याकडे मात्र मेडल आली ती स्प्रिंटच्या बाजूला. २०१९ ला जर्मनीत ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपला टीम स्प्रिंटचं सोनं, २०२२ ला दिल्लीत एशियन चॅम्पियनशिपला रोनाल्डो सिंगचं स्प्रिंटमध्ये रौप्य. त्यामुळे कोच मंडळींचा ओढा तिकडे असतो, त्यात त्यांची काही चूक नाही. पण त्रेपन्न किलोच्या पोराला स्प्रिंटर करायचं म्हणजे आहे ती शिडी मोडून तिचा पाट करण्यासारखं आहे.

ट्रॅकवर जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. रोडवाल्या पोराला जोर मारून झाला की पाय थांबवायची सवय असते. ट्रॅकवर त्याने तसं केलं की पेडल पायाला असं काही उचलतं की सीटवरून ढुंगण वर येतं. एकदा उचलला की पोरगा जन्मात विसरत नाही. वेग कमी करायचा तर पायानेच मागे दाब द्यायचा, नाहीतर बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या उतरत्या कडेवर, वर चढायचं. याने पाय गोल फिरायला लागतो आणि दुसऱ्याच्या चाकाला चार बोटांवर चिकटून राहण्याची भीती मरते. पेलोटॉनमध्ये, म्हणजे रोड रेसच्या घोळक्यात, हेच लागतं, आणि एकट्याने सिंहगड चढून ते येत नाही. मॅडिसनमध्ये तर जोडीदाराचा हात धरून त्याला पुढे फेकायचं असतं, भर वेगात.

धनकवडीकर
पेडलवाले दादांशी सहमत. एक भर घालतो, कारण माझ्या पुतणीच्या वेळी कळलं: रविवारच्या रेसची कपाटभर मेडल आरक्षणाला चालत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा हवी, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. आत्तापासून फाईल करा. काकूंच्या सासूबाईंचं पण ऐका, बारावी नसेल तर कोट्यातल्या पोस्टसुद्धा खालच्याच मिळतात.

सायकल_वेडा_४५
आधी पुण्याचे रस्ते नीट करा म्हणावं, मग टूर आणि बिर.

मीनल_कोथरूड
सगळ्यांचे आभार. आज कोचना विचारलं. म्हणाले, किरिन. आणि दिल्लीचा ट्रॅक लाकडी आहे, बालेवाडीचा सिमेंटचा, त्यामुळे लवकरात लवकर दिल्लीला कँपला पाठवा.

जुना_पेडलवाला
किरिन! म्हणजे मोटरच्या मागे जायचं आणि शेवटी खांद्याला खांदा भिडवून मुसंडी मारायची. तिथे ऐंशी-नव्वद किलोची मंडळी असतात, ताई. फरक खरा आहे, दिल्लीचा अडीचशे मीटरचा, बंदिस्त, तिथे वारा नाही. पण कँपची घाई नको. कोचशी भांडूही नका. फक्त म्हणा, बालेवाडीलाच उभ्या स्टार्टने त्याची ३ किलोमीटरची वेळ घ्या, ज्युनियर पर्सूटचं तेच अंतर आहे. आणि दुसऱ्या दिवशी पळत्या स्टार्टने २०० मीटर. पहिल्यात दम कळेल, दुसऱ्यात स्प्रिंट. दोन्ही आकडे इथे टाका. टाकताना वारा कुठून होता तेही लिहा, बालेवाडीला संध्याकाळी फार असतो.