मरायला टेकलेला खलनायक: त्याचा सूड समजून घ्यायचा का?

कृष्णाकाठ, सांगली
परवा मित्रांत यावर जोरात वाद झाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. विषय आहे कॉमिक्समधल्या स्पायडरमॅनचा शत्रू व्हल्चर, म्हणजे अ‍ॅड्रियन टूम्स. १९६३ मध्ये पहिल्यांदा आला तोच म्हातारा आणि टकला. उडायचा विद्युतचुंबकीय पोशाख त्यानं स्वतः बनवलेला. धंद्यातल्या भागीदारानं, ग्रेगरी बेस्टमननं, पैशात लुबाडलं आणि गडी वाकड्या वाटेला लागला. १९९२ च्या एका कथेत त्याला कळतं की आपल्याला कॅन्सर झालाय, तोही त्याच पोशाखामुळे. मग तो दोन कामं काढतो. जुन्या वैऱ्यांना गाठून संपवायचं आणि स्पायडरमॅनची काकू मे पार्कर हिच्याकडे जाऊन माफी मागायची. मेचा होणारा नवरा नेथन याच्याच पायी हृदय बंद पडून गेलेला असतो.

बहुतेकांचं मत पडलं, बिचारा म्हातारा. मला हे अजिबात पटत नाही. एका दारात हात जोडायचे आणि दुसऱ्या दारात गळा धरायचा, याला पश्चात्ताप कसा म्हणायचा? मेचं काय गेलं याचा विचार त्यात कुठे आहे? त्याला स्वतःच्या छातीवरचा दगड उतरवून जायचंय, एवढंच. आजारी माणसाची सेवा करावी, औषधपाणी बघावं, पण त्याच्या हातात सुरा असेल तर आधी तो काढून घ्यावा.

मार्केट यार्ड
दादा, बेस्टमनला तुम्ही एका वाक्यात उरकलंत. खरी गोष्ट तिथंच आहे की ओ.

माझे वडील हळदीच्या व्यापारात होते. भागीदारानं हिशेबात फसवलं. कोर्टात गेलो, तारखा पडत राहिल्या आणि निकालाआधी वडील गेले. शेवटच्या दुखण्यात आम्हा पोरांपेक्षा त्या माणसाचं नाव त्यांच्या तोंडात जास्त असायचं. ते काही खुनी नव्हते. साधे, माळकरी होते. पण हातात ताकद असती तर काय केलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तरुण माणूस म्हणतो, जाऊ दे, पुन्हा उभं करू. सत्तरीतल्या माणसानं पुन्हा उभं कधी करायचं? म्हणून व्हल्चरचा राग मला समजतो. त्यानं खून करावेत असं मी म्हणत नाही. पण ‘मला समजतो’ एवढंही म्हणायची बंदी असेल, तर गोष्टी वाचायच्या कशाला?

वाईची वाचक
काका, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरी मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं आहे. कारण हा प्रसंग आपल्या घरातच लिहिलेला आहे, महाभारतात, शल्य पर्वाच्या शेवटी आणि सौप्तिक पर्वात. मांडी मोडून पडलेला दुर्योधन मरता मरता अश्वत्थाम्याला सेनापती करतो. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो, झोपलेल्या पांचालांना आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. ती बातमी ऐकून दुर्योधन समाधानानं प्राण सोडतो.

समाधान त्याचं आणि किंमत द्रौपदीच्या पोरांची. दुर्योधनाला रागावायला कारण नव्हतं असं नाही. गदायुद्धात भीमानं कमरेखाली वार केला, तो अन्यायच होता. पण आपल्या डोळ्यांपुढे त्या पाच पोरांना ठेवलं की दुर्योधनाचं कारण केवढंसं राहतं! मरणाऱ्याचा सूड जास्त भयंकर, कारण त्याला उद्याची भीती उरलेली नसते. उद्या भोगायचंय ते मागं राहिलेल्यांनी.

अजिंक्यतारा
दोघंही व्हल्चरपाशी अडकलात. स्पायडरमॅनचा दुसरा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस बघा. स्पायडरमॅनच्या ६०० व्या अंकात, २००९ मध्ये, वर्षानुवर्षं खाल्लेल्या मारानं त्याचं शरीर संपत आलेलं असतं. २०१२ मध्ये, ६९८ व्या अंकात, कळतं की त्यानं पीटर पार्करशी, म्हणजे खुद्द स्पायडरमॅनशी, मनाची अदलाबदल केलीय. ७०० व्या अंकात, त्याच डिसेंबरात, पीटर त्या मोडक्या शरीरात मरतो, हा तरणाताठा होऊन जगतो. यापेक्षा पुरेपूर सूड कुठला?

पण पीटरनं मरताना स्वतःच्या आठवणी त्याच्या मनात उतरवल्या. आपल्या चुकीनं काका गेल्याचं दुःख, जबाबदारीचं ओझं, सगळं. तिथून ऑक्टोपस पीटरपेक्षा चांगला स्पायडरमॅन व्हायच्या हट्टाला पेटला. २०१४ मध्ये आपलं तोकडेपण कबूल करून त्यानं ते शरीर पीटरला परत केलं. म्हणजे आधी शत्रूचं दुःख आतून भोगायला लागलं, मग माणूस हलला. व्हल्चरला कुणी हे भोगायला लावलंच नाही. त्याला वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

कृष्णाकाठ, सांगली
ऑक्टोपसचं मान्य, पण त्यानं काहीतरी परत केलं. व्हल्चरनं काय केलं? १९९४ मध्ये तो दुसऱ्याचं तारुण्य ओढून घेऊन जवान झाला. मरण टळलं. मग गेला का चांगल्या मार्गाला? पुन्हा गुन्हेच. मेपुढची ती माफी मरणाच्या भीतीनं आली होती, भीतीबरोबर गेली.

नांदी
सांगलीत बसून बोलताय म्हणून सांगतो. १८४३ मध्ये इथेच विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचा, लढायचा, पडायचा. त्याला दुखणं नाही, म्हातारपण नाही. कॉमिक्समधला खलनायक साठ साठ वर्षं टिकला म्हणून त्याच्यावर दवाखान्याची पाळी आली. लेखक त्याला नीट मरू देत नाहीत आणि सुधारूही देत नाहीत, कारण पुढच्या अंकाला तो लागतो. तेव्हा १९९४ चा पुरावा कृष्णाकाठांनी मागे घ्यावा. तो टूम्सचा स्वभाव नाही, धंद्याची गरज आहे.

कृष्णाकाठ, सांगली
मागे घेत नाही. छापलं ते त्या पात्रानं केलं. नाहीतर १९९२ ची माफीसुद्धा धंद्याचीच गरज म्हणा.

वाईची वाचक
मार्केट यार्ड काका, राग येऊ देऊ नका, एक विचारते. तो भागीदार माफी मागायला आला असता तर?

मार्केट यार्ड
आला होता ताई, वडील अंथरुणाला खिळल्यावर. वडिलांनी तोंड फिरवलं. बरोबरच केलं. पैसे न आणता आला होता. म्हणून मे पार्करनं टूम्सला माफ करावं असं मी कधीच म्हणणार नाही, तो तिचा अधिकार. माझं भांडण एवढंच आहे की बेस्टमनचा हिशेब कुणी मागायचा, हे अजून तुमच्यापैकी एकानंही सांगितलेलं नाही.