पंचतारांकित खेळाडू अपेक्षेला उतरतात का?

प्रश्न : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शाळकरी खेळाडूंना पारखणाऱ्यांकडून गुणवत्तेसाठी मिळणारे तारे (जास्तीत जास्त पाच) कितपत विश्वासार्ह मानावेत? क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) क्विन एवर्सला शाळेत असताना जवळपास सर्वोच्च गुण मिळाले होते. तरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्यात) तो थेट सातव्या फेरीत, २३१ व्या क्रमांकावर निवडला गेला.

उत्तर १ : त्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला कॅम वॉर्ड शाळेत एकाही ताऱ्याचा मानकरी नव्हता, कारण त्याच्या शाळेचा संघ चेंडू घेऊन धावण्यावरच भर देत असे आणि क्वार्टरबॅकच्या हाताची ताकद पारखण्याची संधीच पारखणाऱ्यांना फारशी मिळत नसे. दोष मुलाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता.

उत्तर २ : मान्य आहे, परंतु दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला, २०२४ चा हाइझमन (सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार) विजेता ट्रॅव्हिस हंटर पंचतारांकितच होता, हे विसरू नये.

उत्तर ३ : एवर्सला अपयशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याने टेक्सस विद्यापीठाच्या संघाला सलग दोन हंगाम राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेले. दुसऱ्या वेळी, ओहायो स्टेटविरुद्ध, गोलरेषा आठ यार्डांवर असताना चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, त्याच्याच ओहायो स्टेटमधील जुन्या खोलीसोबत्याने, जॅक सॉयरने, त्याच्या हातून चेंडू उडवला आणि तो उचलून ८३ यार्ड धावत टचडाउन (गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळणारे गुण) केला. त्या एका क्षणावरून, किंवा ड्राफ्टच्या क्रमांकावरून, त्याची महाविद्यालयीन कारकीर्द मोजणे मला पटत नाही.