बेस्टची वीज 'पोर्ट' करायची म्हणे!

फेज-न्यूट्रल (धागाकर्ता)

काल इथे एका सदस्याने लिहिलं, "मोबाईल नंबर पोर्ट होतो, मग वीज का नाही? बेस्टला उतरवा स्पर्धेत. जगली तर जगली." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. (बेस्ट म्हणजे मुंबई महापालिकेचा उपक्रम, शहरात वीजही पुरवतो आणि बसही चालवतो.) तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, स्पर्धा यायची राहिलेली नाही. 2003 च्या वीज कायद्याने एकाच भागात वीज विकायला दुसऱ्या परवानाधारकाला वाट दिली. बेस्ट टाटांच्या वीजकंपनीशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि मे 2014 मध्ये हरली. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत ग्राहकाने मागितली तर टाटांनी वीज द्यायची, असं ठरलं. बेस्टच्या हाती एवढंच राहिलं की ती महापालिकेची, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाची असल्यामुळे स्वतःच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती तिच्यावर नाही. टाटांनी हवी तर स्वतःची केबल टाकावी. आता काळबादेवीत फुटपाथखाली आणखी एक केबल घालून दाखवा!

उपनगरात काय झालं ते आठवा. 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, तेव्हा तिथे वीज पुरवणाऱ्या रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घ्यायची सोय झाली. आधी सरकले ते जास्त युनिट जाळणारे. मागे उरले शंभर-दोनशे युनिटवाले, ज्यांचा दर या मोठ्यांच्या बिलावर तोलून धरलेला असतो. शेवटी 2012 मध्ये लहान ग्राहकांकडे बघा, असं वीज नियामक आयोगाला टाटांना सांगावं लागलं.

तेव्हा तयारी करायची ती ॲप आणि नव्या लोगोची नाही. वीजखरेदीचे करार स्वस्तात करा. हॉटेलं, हॉस्पिटलं, नरिमन पॉइंटच्या इमारती धरून ठेवा, कारण जाणार ते हेच. आणि बसचा हिशेब विजेपासून खरोखर तोडा. निव्वळ कागदावर नको.

हिशेबनीस

लिहिलंय छान, निष्कर्ष गंडलाय. रस्ता खणायची परवानगी कोण देतं? महापालिका. बेस्टची मालक कोण? महापालिका. याला तयारी नाही, तटबंदी म्हणतात. आमच्या तीन पिढ्या लालबागला एकाच बिलावर गेल्या. मला दर तुलना करून ठरवायचाय, यात पाप काय? आणि दर वेळी ती गरीब चाळ पुढे करू नका. आमच्या चाळीत आता खोली तिथे एसी आहे.

कंदीलवाला

+1. तटबंदी! मस्त शब्द.

डेपोचा_नातू

आजोबा वडाळा डेपोत कंडक्टर होते, त्यामुळे मी तटस्थ नाही, आधीच सांगतो. 'बसचा हिशेब तोडा' हे वाचून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. 1905 पासून वीज आणि ट्रॅम एकाच कंपनीच्या पोटात. 7 ऑगस्ट 1947 ला पालिकेने घेतली तीही एकत्रच. दशकानुदशकं विजेच्या नफ्यावर या शहराची बस चालली. कामगार, कोळणी, शाळेची पोरं, सगळी त्याच बसमध्ये. जुलै 2019 मध्ये किमान तिकीट 5 रुपये झालं तेव्हा टाळ्या वाजवणारे हेच, आणि मे 2025 मध्ये 10 आणि एसीला 12 झालं तेव्हा बोंबलणारेही हेच.

हिशेबनीस

नातूसाहेब, भावना पोचल्या. आता हिशेब. बेस्टची वीज फक्त शहरात, बस मात्र बोरिवली, मुलुंड, अगदी ठाणे-नवी मुंबईपर्यंत. विजेच्या बिलावर 'वाहतूक तूट' म्हणून जो आकार वर्षानुवर्षं लावला, तो भरला कोणी? परळच्या पेन्शनरने. एसी बसमध्ये बसलं कोण? बोरिवलीचा आयटीवाला. आयोगाने तो आकार पुढे बंद केला म्हणून सुटलो. हा कुठला समाजवाद?

पश्चिम_उपनगरी

बोरिवलीचा आयटीवाला हजर आहे. एसी बसमध्ये 'बसलं' हा शब्द कृपया मागे घ्या. सकाळी एका पायावर उभा असतो. दुसरं, आमचा मालमत्ता कर काय गोव्याला जातो? शहरातले रस्ते आमच्या पैशातूनही होतात. तुमची वीज स्वस्त होती तेव्हा आम्ही उपनगरवाले दुप्पट भावाकडे बघत बसायचो, तेव्हा कुठे गेला होता समाजवाद?

हिशेबनीस

दुप्पट? बिल दाखवा.

पश्चिम_उपनगरी

जुनी बिलं रद्दीत दिली. दुप्पट नसेल, दीडपट म्हणा. मुद्दा तोच.

हिशेबनीस

सव्वापटीवर कधी येताय?

डेपोचा_नातू

तुमच्यासारख्यांमुळेच स्वतःच्या गाड्या काढून भाडेतत्त्वावरच्या आणल्या. दक्षिण मुंबईतली माणसं तशीही बसमध्ये चढत नाहीत, टॅक्सीला हात करतात. तुमच्या वडिलांनी तरी

*(पुढचा मजकूर उडवला आहे. वडिलांपर्यंत जाऊ नका. — संपादक)*

लॉस_एंजेलिसची_काकू

भांडण मिटलं असेल तर बोलू का? आम्ही कित्येक वर्षं लॉस एंजेलिसला. इथली वीज शहराच्या मालकीच्या खात्याची. 1996 साली राज्याने बाजार खुला करायचा कायदा केला, पण पालिकांच्या वीजखात्यांना त्यात यायचं की नाही ते ठरवायची मोकळीक ठेवली. इथल्या खात्याला वाटलं, आज ना उद्या मोठे ग्राहक पळणारच. 1997 ला डेव्हिड फ्रीमन प्रमुख झाले. माणसं कमी केली, कर्ज फेडायचा सपाटा लावला आणि बाजारात उडी काही मारली नाही. 2000 च्या उन्हाळ्यात नणंदेकडे सॅन डिएगोला बिलं दुपटीवर गेली. एप्रिल 2001 मध्ये उत्तरेकडच्या पीजी अँड ई कंपनीने दिवाळं काढलं. राज्यात पाळीपाळीने अंधार आणि आमच्याकडे दिवे चालू. उलट शहराने जास्तीची वीज राज्याला विकली. भाव फार लावला म्हणून पुढे वादही झाला, ते सोडा.

फेज-न्यूट्रल

काकू, शंभर टक्के! हेच म्हणतोय मी. आधी घर आवरा, मग दार उघडायचं की नाही ते ठरवा.

हिशेबनीस

टाळ्या वाजवण्याआधी एक बघा. लॉस एंजेलिसकडे स्वतःची वीजकेंद्रं होती, म्हणून विकायला वीज होती. बेस्टचंही 1905 ला स्वतःचं केंद्र होतं. आज एक युनिट तयार होत नाही. वर्षानुवर्षं वीज घेतली ती टाटांकडून, म्हणजे ज्यांच्याशी कोर्टात भांडली त्यांच्याकडूनच! दुकानदाराने माल भरायचा तो समोरच्या दुकानातून, आणि आपण चर्चा करतोय स्पर्धेची.

फेज-न्यूट्रल

हा मुद्दा मान्य. (लिहिताना दात दुखले.) पण म्हणूनच खरेदीचा करार हा तयारीतला पहिला विषय आहे. मूळ लेखात तो आहे, वाचला असता तर.

मराठवाडी_माणूस

मुंबईकरांनो, जरा बाहेर बघा. औरंगाबादला 2011 मध्ये जीटीएल ही खासगी कंपनी आणली, 2014 ला थकबाकीपायी हाकलली. महावितरणला परत सगळं गळ्यात घ्यावं लागलं. खासगी आली म्हणजे उजेड पडतो असं काही नाही. मी स्वतः दुसऱ्या एका शहरात (नाव नको) खासगी कंपनीचा ग्राहक होतो. रात्री डीपी जळाली तर फोनवर पोरगी विचारायची, "सर, आपला परिसर कोणत्या राज्यात येतो?" शेवटी गल्लीतल्या वायरमनला उठवून काम केलं.

कंदीलवाला

ती फ्रँचायझी होती राव, स्पर्धा नव्हे. मालकी महावितरणचीच, कंपनी नुसती पुरवठा सांभाळायला आणि वसुलीला. पर्याय तिथेही नव्हताच. लोक दोन्ही एकत्र कालवतात.

मराठवाडी_माणूस

अंधारात दोन्ही सारखेच दिसतात.

गिरगावची_सुनीता

इतका वेळ वाचतेय. माझ्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर, ऑक्सिजनच्या मशीनवर. मध्यंतरी रात्री दोनला एक फेज गेली. फ्यूज कंट्रोलला फोन केला, चाळीस मिनिटांत बेस्टची दोन माणसं शिडी घेऊन वर. हे मला कुठल्या दरपत्रकात दिसणार? पोर्ट करणाऱ्यांनी जरूर करावं. मी करणार नाही.

हिशेबनीस

सुनीताताई, सासूबाईंना नमस्कार. तुमचा अनुभव खरा, पण एका शिडीवरून धोरण ठरत नाही.

गिरगावची_सुनीता

तुमच्या एका लालबागवरून ठरतं का?

कंदीलवाला

🙏 सामना बरोबरीत.

फेज-न्यूट्रल

एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून मीच काढतो. बेस्टच्या ग्राहकांचे स्मार्ट मीटर बसवायचं कंत्राट अदानींकडे. शेजारच्या उपनगरात वीज विकणारेही अदानीच. कोणत्या इमारतीत किती वाजता किती युनिट जळतात, हे उद्याच्या संभाव्य स्पर्धकाच्या समूहाने बसवलेल्या यंत्रातून जाणार. नियम असतील, करारात कलमं असतील. तरी मोठे ग्राहक धरून ठेवायचे म्हणता आणि त्यांच्या घराची मोजपट्टी शेजाऱ्याच्या हातात देता? ही कुठली तयारी?

हिशेबनीस

यावर मात्र सहमत. लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही. बाकी माझं म्हणणं तेच. ग्राहकाला कैदेत ठेवून संस्था सुधारत नाही. हां, बसचा बोजा खरोखर काढला आणि वहन आकार (तारा वापरायचे पैसे) सरळ दाखवला, तर मी स्वतः बेस्ट सोडेनच असं नाही. लगेच नाचू नका.

डेपोचा_नातू

मघाशी तोल गेला, ते वडिलांचं वाक्य मागे घेतो. टॅक्सीचं नाही घेत. पण बस वेगळी काढून तिला पोसायचं कोणी, हे या अख्ख्या धाग्यात एकानेही लिहिलेलं नाही.

हिशेबनीस

महापालिकेने. मालक तीच ना?

डेपोचा_नातू

तीच. तिला बँकेतल्या मुदतठेवी मोडायला सांगा बघू.